सतरा नंबरचं लेकरू

संग्रहालयात लेकरू आणायचं नाही, असा नियम कुठंच लिहिलेला नव्हता. म्हणून अनिलकुमार सरांनी तो त्या दिवशी सकाळी तोंडीच सांगितला.

"आज समिती यायलीय, शिवलीला. घरचं काही म्हणजे काही दिसायला नको. डबा नको, खिडकीत वाळत घातलेलं काही नको, आणि लेकरू तर नकोच नको."

"हो सर," शिवलीला म्हणाली आणि पिशवीतून डोकावणारं दुपटं तिनं अंगठ्यानं आत ढकललं.

सरांचंही चुकत नव्हतं. ते विभागप्रमुख होते, आणि मानवशास्त्र विभागाचं संग्रहालय म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाला असलेल्या दोन खोल्या होत्या. एक वस्तूंची, एक अडगळीची. आणि नवखा माणूस हमखास अडगळीची खोली आधी बघून "छान आहे" म्हणायचा. एकूण वस्तू एकसष्ट. जातं, मुसळ, आरशांची चोळी, मासे धरायची बुट्टी, एक रंगीत पाळणा, आणि अशा बऱ्याच गोष्टी, ज्या बिदर-कलबुर्गीकडच्या कुठल्याही घराच्या माळ्यावर सापडतील. दाराशी एक अभिप्रायवही दोरीनं बांधून ठेवलेली होती. वर्षभरातला त्यातला सगळ्यांत मनापासून लिहिलेला अभिप्राय होता, 'पंखा छान आहे.'

पंखा खरंच छान होता. उन्हाळ्यात मुलं तेवढ्यासाठीच यायची. फक्त त्याचं आणि दिव्यांचं बटण एकच होतं. उजेड हवा असेल तर वाराही घ्यावाच लागायचा.

शिवलीला इथं अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर होती, आणि अकरावा महिना संपायला नऊ दिवस राहिले होते. वस्तूंची नोंद ठेवायची, चिठ्ठ्या लिहायच्या, कुणी आलंच तर माहिती सांगायची. समितीनं बरं लिहिलं तर आणखी एक वर्ष. नाही लिहिलं तर ही खोली झेरॉक्स मशीनला द्यायचं ठरलं होतं, आणि झेरॉक्स मशीनला माहिती सांगायला एम.ए. झालेली बाई लागत नाही.

तसं तिच्या सासूबाईंच्या मते मुसळालाही लागत नव्हती. "मुसळाला पहारा द्यायला एम.ए. कामून लागतंय?" हा गुरुबाईंचा प्रश्न नौबादच्या त्यांच्या घरात आठवड्यातून दोनदा तरी यायचा. गुरुबाई निर्णा गावच्या. त्यांनी आयुष्यभर मुसळ वापरलं होतं, पण त्याला नंबर कधी दिला नव्हता.

संगू आठ महिन्यांचा होता. पूर्ण नाव संगमेश्वर, पण एवढं मोठं नाव अजून त्याच्या अंगाला येत नव्हतं. बाटली तोंडाला लावू द्यायचा नाही, म्हणून शिवलीला रोज बारा वाजता रिक्षानं घरी जाऊन त्याला पाजून यायची. दिवसा तो वीस मिनिटांच्या वर झोपायचा नाही. ओट्यावर चमचा ठेवला तरी जागा व्हायचा. शिवलीला घरी तीन-तीनदा फोन करायची. तो रडत असला तर का रडतोय म्हणून, आणि गप्प असला तर का गप्प आहे म्हणून.

समिती एक वाजता येणार होती. म्हणजे बाराला घरी जाणं शक्य नव्हतं. तेव्हा असं ठरलं, की गुरुबाईंनी अकराला संगूला घेऊन यायचं, अडगळीच्या खोलीत त्याला पाजायचं, आणि साडेअकराला दोघांनी रिक्षात बसून जायचं. कुणाला काही कळणार नव्हतं.

गुरुबाई अगदी वेळेवर आल्या.

"आत्याबाई, कुणी बघितलं नाही ना?"

"कोण बघायलंय हितं? दारात एक कुत्रं व्हतं. त्यानं बघितलं."

"टोपरं कामून घातलंय एवढ्या उन्हात? घाम येईल त्याला." घरी असली की शिवलीलाच्या तोंडी घरची बोली यायची, आणि सासूबाई जिथं असतील ते घरच असायचं.

"रिक्षात वारं लागतंय ग. घाम आला तर पुसता येतो. कानात वारं गेलं तर काय पुसशील?"

शिवलीलानं टोपरं काढलं, दुपटं सोडलं, कपाळाला हात लावून बघितला, मग दुसऱ्या हातानं परत बघितला. संगू निवांत पीत होता. मोडक्या प्रोजेक्टरवर एक पाल त्यांच्याकडे बघत होती. सगळं अगदी ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि म्हणूनच शिवलीलाला भीती वाटायला लागली होती. तेवढ्यात दार ढकलून शिपाई अंबाजी आला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"म्याडम, गाडी आली! समितीवाले सरांच्या खोलीत चहा घ्यायलेत."

"एक वाजता येणार होते ना?"

"हौ. पर ते म्हणले, आमची सवय हाय लवकर यायची."

शिवलीलानं संगूला गुरुबाईंच्या हातात दिलं, पदर सारखा केला, आणि एका दमात सांगितलं, "आत्याबाई, पुढच्या दारानं लगेच बाहेर जावा. कडुनिंबाखाली बसा. मी बोलवल्याशिवाय आत येऊ नका. त्याला माती खाऊ देऊ नका. कुणाच्या हातात देऊ नका." आणि ती सरांच्या खोलीकडे पळाली.

गुरुबाई निघाल्या. एका हातावर संगू, दुसऱ्या हातात टोपरं आणि दुपटं. लगेच बाहेर जायचं त्यांच्या मनात होतं, आणि त्या गेल्याही असत्या. पण वस्तूंच्या खोलीत मधोमध त्यांचे पाय थांबले.

पाळणा हालत होता.

लाखेच्या रंगाचा, चार कोपऱ्यांना चार लाकडी पोपट, लोखंडी चौकटीला टांगलेला. वर पंखा फिरत होता आणि खाली पाळणा, आत कुणी नसताना, इकडून तिकडे, तिकडून इकडे, मजेत झुलत होता. शिवलीलानं तो, बाळंतपणाची रजा सोडली तर, अकरा महिने तसाच बघितला होता. तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. गुरुबाईंनी मात्र संगूचं तोंड दुसरीकडे वळवलं.

रिकामा पाळणा हलवायचा नाही. हलला की घरच्या लेकराचं पोट दुखतं. ही गोष्ट गुरुबाईंना कुणी शिकवलेली नव्हती. विस्तव भाजतो हे तरी कुणी शिकवतं का? आणि संगूचं पोट तर जन्मल्यापासून दुखत होतं. ओवा झाला, वेखंड झालं, बिदरचे दोन डॉक्टर झाले. डॉक्टर म्हणाले, हवा धरते.

"हवा?" गुरुबाई पंख्याकडे बघत म्हणाल्या. "ही हाय व्हय ती हवा!"

त्यांनी पाळणा हातानं थांबवला. हात काढला, की तो पुन्हा हालला. मग त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा थांबला, पण खोलीत काळोख झाला आणि बाहेरून अंबाजी ओरडला, "लाईट कुणी घालवली? साहेब लोक निघाले ना!" त्यांनी बटण पुन्हा दाबलं. उजेड आला, वारा आला, पाळणा हालला.

आता एकच उपाय उरला होता, आणि तो त्या भागातल्या कुठल्याही बाईला माहीत असतो. बारशाला लेकराच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. दुपट्यात गुंडाळून, काजळ लावून, अगदी लेकरासारखा. पाळणा रिकामा राहत नाही, आणि मग तो हालला काय अन् नाही हालला काय. गुरुबाईंनी खोलीभर नजर फिरवली. समोरच्या लाकडी घडवंचीवर, वाळूच्या पसरट तबकात, दीड वीत लांबीचा एक गुळगुळीत काळा दगड ठेवलेला होता. त्याच्या पुढ्यात चिठ्ठी होती : 'वस्तू क्र. १७. घोटीव दगड. चिंताकी शिवारात नांगरताना सापडला. काळ : अंदाजे तीन हजार वर्षांपूर्वीचा. उपयोग : अज्ञात.' गुरुबाईंनी चिठ्ठी वाचली नाही. त्यांना दगड दिसला, तेवढं पुरे होतं.

संगूला कमरेवर अडकवून त्यांनी एका हातानं दगड उचलला, दुपट्यात गुंडाळला, वर टोपरं बांधलं. संगूच्या गालावरचं तीट बोटाला लावून घेतलं आणि दगडाला लावलं. मग त्याला भिंतीकडे तोंड करून पाळण्यात निजवलं.

"गप झोप," त्या म्हणाल्या, आणि हलक्या मनानं बाहेर पडल्या.

मिनिटाभरानं अंबाजी फडका घेऊन आत आला. पाळण्यातलं टोपरं बघून तो जागीच थबकला, फडका तोंडावर धरला आणि आल्या पावली परत फिरला. व्हरांड्यातून समिती येतच होती. सगळ्यांच्या मागून शिवलीला. अंबाजी तिच्या कानाशी लागला.

"म्याडम, लेकरू निजलंय."

"कुठं?"

"पाळण्यात. अक्कानं निजवलंय. अक्का काय दिसंनात."

शिवलीलाच्या हातातली फाईल खाली पडता पडता राहिली. दारातून तिला दिसलं. निळं टोपरं, तिनंच काठाला लेस लावलेलं. सरांनाही तेव्हाच दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं स्वागताचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला रंग गेला.

"हे काय?" सर ओठ न हलवता म्हणाले.

"सर, एका मिनिटात उचलते."

"हात लावू नका! उठून रडायला लागलं म्हणजे?"

समितीत दोघं होते. अध्यक्ष प्राध्यापक गुरुबसव, निवृत्त, सहा फूट उंच; आणि सदस्य भुवनेश्वरी मॅडम, ज्या सगळं टॅबवर टिपून घेत होत्या. चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवून पोचवून गुरुबसव सरांच्या आवाजाला आता जवळ थांबणं जमत नसे.

"तर हे तुमचं संग्रहालय!" ते म्हणाले, आणि खिडकीची काच थरथरली.

अनिलकुमार सर झटकन पुढं झाले आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण अध्यक्षांना गप्प केलंय.

"क्षमा करा सर. इथं... हळू बोलायची पद्धत आहे."

"का?"

"वस्तू..." सरांनी सगळीकडे बघितलं. "वस्तू फार जुन्या आहेत सर."

गुरुबसव सर त्यांच्याकडे बघतच राहिले. शिवलीलाला वाटलं, आता नऊ दिवससुद्धा नाहीत, आजच संपलं. पण अध्यक्षांनी मान हलवली.

"चांगलं आहे," ते कुजबुजले. कुजबूजही खणखणीत होती. "मागच्या ठिकाणी मुलं खोदकामातल्या रांजणात मोबाईल ठेवून गाणी वाजवत होती. इथं आदर आहे. लिहा मॅडम."

मॅडमनी लिहिलं. मग पाहणी सुरू झाली. जातं झालं, मुसळ झालं, बुट्टी झाली. शिवलीला माहिती सांगत होती; एक डोळा वस्तूवर, एक पाळण्यावर. पाळण्याशी आल्यावर भुवनेश्वरी मॅडम वाकल्या.

"किती जिवंत वाटतंय! बाहुलं कुठून आणलं?"

"इथलंच आहे," अनिलकुमार सर म्हणाले. "स्थानिक कारागिरी."

शिवलीलानं त्यांच्याकडे असं बघितलं, की सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मॅडमनी दुपट्याकडे हात नेला.

"नको मॅडम! हात लावायची परवानगी नाही."

"बरोबर आहे," अध्यक्ष कुजबुजले. "शिस्त म्हणजे शिस्त. लिहा."

आणि मग त्यांनी हात चोळले. "आता सतरा नंबर दाखवा. मी खरं त्याच्यासाठीच आलोय. तीस वर्षं त्या चिठ्ठीवर 'उपयोग अज्ञात' लिहिलेलं आहे. एका दगडापुढं सगळ्या विभागानं हात टेकायचे म्हणजे काय? बघू तरी."

शिवलीला घडवंचीकडे वळली. चिठ्ठी होती. तबक होतं. तबकात वाळू होती, आणि वाळूत दगडाच्या आकाराचा खळगा होता.

अध्यक्षांनी वाकून खळग्यात बोट घालून बघितलं. विचारलं मात्र पद्धतीप्रमाणे हळूच.

"कुठं आहे?" अध्यक्ष म्हणाले.

"सकाळी होता सर," शिवलीला म्हणाली. "मी स्वतः पुसून ठेवलाय. दहा वाजता."

"किल्ली कुणाकडे असते?"

"काचेचं कपाट फुटलंय सर. नवं मागितलंय." कपाट मागितल्याला चार वर्षं झाली होती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"नोंदीची जबाबदारी कुणाची?"

"माझी."

भुवनेश्वरी मॅडमनी टॅबवर दोनच शब्द टिपले. शिवलीलाला ते उलट्या बाजूनंही वाचता आले : वस्तू गहाळ.

मग शोधाशोध सुरू झाली. अशी शोधाशोध त्या विद्यापीठात आधी कधी झाली नसेल. सगळे चवड्यांवर चालत होते. अंबाजीनं घोंगडी इतक्या हळू उचलली, जणू तिच्याखाली कुणी निजलं होतं. अनिलकुमार सरांनी फाटक्या ढोलात डोकावून बघितलं. अध्यक्ष महाशय गुडघ्यावर बसून जात्याच्या मागं हात घालत होते आणि कुणाचा पाय जरा वाजला की स्वतःच "शू!" करत होते.

"पाळण्याखाली बघितलं का?" मॅडमनी विचारलं.

"तिकडं नको!" सर आणि अंबाजी एकदमच कुजबुजले.

"मी बघते," शिवलीला म्हणाली.

"तुम्ही तर बिलकुल नको!" सर तिच्या कानाशी म्हणाले. "आईचा वास लागला की उठतंय."

शिवलीलानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पंचवीस मिनिटं झाली होती. तोवर तिला भीती होती, की संगू आता उठेल. आता ती भीती कुठल्या कुठं गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, कितीतरी मोठी. हा उठत का नाही? पंचवीस मिनिटं हा आजवर कधी झोपला नाही. कूस नाही बदलली. पाय नाही झाडला. टोपरं काढून फेकलं नाही. सकाळी कपाळ गरम होतं का? दोन्ही हातांनी बघितलं, तिसऱ्यांदा बघायला हवं होतं.

"शिवलीला," अध्यक्ष म्हणाले, "शेवटचं कोण आलं होतं या खोलीत? नीट आठवून सांगा. तुमच्या कामाचा प्रश्न आहे."

तिला ऐकूच आलं नाही. ती दुपट्याकडे बघत होती. श्वासानं ते वर-खाली होतंय का, ते शोधत होती. पण पाळणाच हालत होता, त्यात काही कळत नव्हतं.

तेवढ्यात अंबाजी, खांद्यावर घोंगडी घेऊन मागं सरकत सरकत, एकवीस नंबरच्या तांब्याच्या हंड्याला धडकला.

हंडा पडला. नुसता पडला नाही; फरशीवरून गडगडत गेला, भिंतीला आपटला, परत आला, आणि स्वतःभोवती घुमत घुमत बऱ्याच वेळानं शांत झाला. सगळ्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग एकेकानं डोळे उघडले आणि पाळण्याकडे बघितलं.

काही नाही. हूं नाही की चूं नाही.

"वा," अनिलकुमार सर पुटपुटले. "गुणी लेकरू आहे."

शिवलीलाला ते गुणी नको होतं. चमच्याला जागं होणारं पोर हंड्याला जागं होत नाही! तिनं फाईल टाकली, अध्यक्षांना खांद्यानं बाजूला सारलं आणि पाळण्यातलं गाठोडं उचलून छातीशी धरलं. ते जड होतं. ते गार होतं. ते कडक होतं.

ती जी ओरडली, ती तीन खोल्यांपलीकडे परीक्षेचे फॉर्म भरणाऱ्या मुलांनी ऐकली.

"काय झालं?" गुरुबसव सर त्यांच्या खऱ्या आवाजात गरजले.

तिनं टोपऱ्याची गाठ सोडली. आत वस्तू क्रमांक सतरा होती. गालावर, म्हणजे गाल असता तर जिथं असता तिथं, काजळाचं तीट होतं.

"कोण ओरडायलंय ग? किती घाबरलंय लेकरू!" दारात गुरुबाई उभ्या होत्या. त्यांच्या कडेवर संगू होता, हातात भाकरीचा कोर, डोळे टक्क उघडे, आणि घाबरल्याचं कुठंही चिन्ह नाही. शिवलीला धावली. डाव्या हातात दगड तसाच होता. उजव्या हातानं तिनं संगूला ओढून घेतलं, आणि मग ती एकदा या गालाकडे आणि एकदा त्या गालाकडे बघत रडू का हसू, ते न ठरवता उभी राहिली.

"हे कुणी केलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी," गुरुबाई म्हणाल्या. "मग काय करू सायेब? रिकामा पाळणा हालायलाय, हालायलाय, कुणाला त्याचं काय न्हाई. हितं एवढी शिकलेली माणसं. आठ महिने झाले, माझ्या नातवाचं पोट दुखायलंय. घातला वरवंटा. पाप केलं का?"

"वरवंटा?" अध्यक्ष एक पाऊल पुढं आले. "हा वरवंटा आहे?"

"मग काय हाय?"

"आम्हाला माहीत नाही," गुरुबसव सर म्हणाले. तीस वर्षांत विभागातलं कुणी हे वाक्य इतक्या मोकळेपणानं बोललं नसेल.

गुरुबाईंनी शिवलीलाच्या हातातून दगड घेतला, दोन्ही मुठींत आडवा धरला आणि घडवंचीच्या फळीवर पुढं-मागं ओढून दाखवला. "हे बघा. हितं बोटं बसत्यात. हितं तळवा. हे झिजलंय ते वाटून वाटून झिजलंय." मग त्या थांबल्या. त्यांनी दगड जरा तिरका केला, अंगठा फिरवला. "आन् बाई डावरी व्हती."

"काय?"

"डावखुरी. डाव्या अंगानं जास्ती झिजलाय की. माझी सासू डावरी व्हती. तिचा वरवंटा असाच. आम्ही वाटायला बसलो की हाताला उलटा लागायचा. ती म्हणायची, 'माझा वरवंटा दुसरीच्या हातात चालत न्हाई.' खरं तर तिलाच द्यायचा नसायचा."

गुरुबसव सरांनी दगड हातात घेतला. उजव्या मुठीत धरला, बसला नाही. बाजू बदलून डाव्या हातावर जोर दिला. बसला.

"हौदा?" ते स्वतःशीच कानडीत म्हणाले. "असं आहे होय?" मग भुवनेश्वरी मॅडमकडे वळले. "मॅडम, ते 'गहाळ' खोडा."

"काय लिहू सर?"

"लिहा, वस्तू वापरात आहे."

त्यानंतर पाहणी तास-दीड तास चालली, पण पुढं गुरुबाई होत्या. बुट्टी मासे धरायची नव्हती, कोंबडीची पिल्लं झाकायची होती. मुसळ उलटं उभं केलं होतं. आरशांची चोळी मागची बाजू पुढं करून टांगलेली होती. एकेक चूक निघाली की चिठ्ठ्या लिहिणाऱ्या शिवलीलाचा जीव खाली-वर होत होता, पण अध्यक्ष तिच्याकडे बघतच नव्हते. ते गुरुबाईंच्या मागं मागं, "आणि हे, अक्का?" असं विचारत चालले होते. संगू भुवनेश्वरी मॅडमच्या टॅबवर हात आपटत होता आणि स्थानिक कारागिरीबद्दल मॅडमनी सरांना एक शब्दही विचारला नाही. सर त्यांना चहा घ्या, चहा घ्या म्हणत राहिले.

निघताना गुरुबसव सर दारात थांबले. "अक्का, तुम्ही इथं आठवड्यातून दोन दिवस का येत नाही? आम्ही विद्यापीठाला लिहितो. मानधन मिळेल."

गुरुबाईंनी पदर खोचला. "मला कुठं जमतंय सायेब? शिवलीला हितं नोकरीला. मी बी आले तर लेकरू कोण बघंल?"

शिवलीलानं मान वर करून बघितलं. गुरुबाई रिक्षा कुठं दिसते का ते बघत होत्या.

आठ दिवसांनी अहवाल आला. तीन पानांचा मजकूर, पण विद्यापीठाच्या रिवाजाप्रमाणे पुढं-मागं पत्रं, परिशिष्टं जोडून चांगली जाडजूड फाईल झाली होती. शिवलीलाची नेमणूक आणखी एका वर्षासाठी. काचेचं नवीन कपाट, कुलपासकट; अध्यक्षांच्या एका फोनवर ते अहवालाच्याही आधी आलं होतं. सतरा नंबर त्यात सुरक्षित होता, किल्ली सरांच्या खिशात होती. पुढ्यात नवी चिठ्ठी होती. 'उपयोग : अज्ञात' जाऊन तिथं आलं होतं, 'उपयोग : वाटण. एका डावखुऱ्या स्त्रीचा असण्याचा संभव. तूर्त पाळणा रिकामा असल्यास तिथेही.' शेवटचं वाक्य अध्यक्षांनी स्वतः घातलं होतं.

सकाळचे दहा वाजले होते. अजून कुणी आलं नव्हतं. शिवलीलानं दार उघडलं, फाईल टेबलावर ठेवली, बटण दाबलं. दिवे लागले, पंखा फिरला.

पाळणा हालला.

तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि वही उघडली. ती मानवशास्त्राची एम.ए. होती. पोटात हवा धरण्याचा आणि लोखंडी चौकटीला टांगलेल्या लाकडाचा काही संबंध नसतो. डॉक्टरांनी दिलेले नवे थेंब चालू होते आणि संगूचं पोट आता बरं होतं. गेले आठ दिवस दुखलंच नव्हतं.

आठ दिवस. म्हणजे नेमकं तेव्हापासून.

तिनं मागं वळून बघितलं. पाळणा हालत होता. कपाटाकडे बघितलं. कुलूप होतं. दाराबाहेर डोकावली. व्हरांडा मोकळा होता.

मग तिनं अहवालाची फाईल उचलली, अंबाजीच्या धुतलेल्या फडक्यात नीट गुंडाळली, कडा आत खोचल्या, आणि अलगद पाळण्यात ठेवली. दूर होऊन एकदा बघितलं. परत गेली आणि फाईलची कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

अंबाजी हातात झाडू घेऊन आत आला, पाळण्याशी थबकला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "म्याडम, निजलं का?"

शिवलीलानं वहीतून मान वर न काढता ओठांवर बोट ठेवलं.